पाकिटातला पराठा आणि बाबांचं रात्रीचं जेवण

एक काम कराल? हे वाचता वाचता उठा आणि तुमच्या फ्रिजचा वरचा कप्पा उघडून बघा. बर्फाचा ट्रे असेल, अर्धं संपलेलं आइस्क्रीम असेल, रबरबँड लावलेली मटारची पिशवी असेल आणि एक असा डबा असेल ज्यात काय आहे हे घरात कुणालाच आठवत नाही. गेल्या दिवाळीपर्यंत आमच्या बंगळुरूच्या घरातही एवढंच होतं. दुकानातल्या त्या लांबलचक फ्रीझरपाशी मी थांबायचे, काचेतून पराठ्यांची, समोशांची, बिर्याणीची चित्रं बघायचे आणि पुढे जायचे. माझ्या आईकडे या सगळ्यासाठी एकच शब्द होता, ‘शिळं’. तो कानात इतका बसलेला की हात पुढे व्हायचाच नाही.

तो पुढे झाला बाबांमुळे.

बाबा बडोद्याला असतात. वय 76. आमचं कुटुंब गायकवाडांच्या काळात तिकडे गेलं आणि तिथलंच झालं. घरात मराठी, दारात गुजराती. आई गेली त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून दुपारी साडेअकराला त्यांचा डबा येतो. त्यातलं अर्धं दुपारी खायचं, अर्धं रात्री, असं ठरलं होतं. मी रोज रात्री फोन करायचे. “जेवलात का?” “जेवलो.” संपलं. मलाही बरं वाटायचं.

दिवाळीत गेले तर त्यांच्या सदऱ्यात अजून एक माणूस मावेल अशी अवस्था. वजन करून घेतलं, सहा किलो कमी. फ्रिजमध्ये स्टीलचे चार डबे, चार दिवसांचं न खाल्लेलं अर्धं अर्धं जेवण. रात्री ते चहाबरोबर दोन खाखरे खात होते आणि मला ‘जेवलो’ म्हणून सांगत होते. खोटं नव्हतं म्हणा, खाखराही खाल्लाच जातो.

मी चिडले, रडले, बंगळुरूला चला म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, “अगं, सकाळी कमाटीबागेत फिरायला जातो, चार माणसं भेटतात. तुझ्याकडे तेराव्या मजल्यावर मी काय करू?” याला उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील दुसऱ्या गावात एकटे आहेत त्यांना हा संवाद पाठ असेल.

म्हणजे प्रश्न फक्त रात्रीच्या जेवणाचा होता. रात्री स्वयंपाकाला यायला बाई मिळेना. बाबांना चहा, खिचडी आणि ऑम्लेट एवढंच येतं, आणि खिचडी रोज कोण खाईल? तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, त्या फ्रीझरमधलं काही चालेल का? पण जे मी स्वतः कधी खाल्लं नाही ते त्यांना कसं देणार? म्हणून ठरवलं, आधी महिनाभर आपल्या घरी खाऊन बघायचं.

नोव्हेंबरभर आमच्या जेवणाच्या टेबलावर परीक्षा चालली. परीक्षक दोन, नवरा आणि कॉलेजातला मुलगा. नवरा काहीही ‘छान आहे’ म्हणून खातो, त्यामुळे त्याचं मत मी धरलंच नाही.

पहिल्या दिवशी मलबार पराठा. इथे मी पहिली चूक केली. पाकीट दुपारीच बाहेर काढून ठेवलं, पोळीची कणीक आपण काढून ठेवतो तसं. संध्याकाळपर्यंत पराठे वितळून मधल्या प्लॅस्टिकला चिकटले आणि त्यांचा गोळा झाला. दुसऱ्या पाकिटाच्या वेळी सूचना वाचल्या. पराठा गोठलेला असतानाच थेट मध्यम गरम तव्यावर टाकायचा, तेल न घालता. त्याचं तेल त्याच्याच पोटात असतं. दोन्ही बाजूंनी सोनेरी झाला की ताटात काढून दोन्ही हातांनी कडेकडून आत दाबायचा, की पदर सुटतात. खरं सांगते, घरी मला असा पराठा वीस वर्षांत जमलेला नाही.

समोसे तळायला सोपे वाटतात, पण तेल फार तापलं तर बाहेरून लाल आणि आत बटाटा थंडगार. शिवाय पाकिटातला बर्फाचा चुरा तेलात पडला की असं काही उडतं की मुलगा हेल्मेट घालून आला. मध्यम आचेवर, एका वेळी चारच, हा त्यावरचा उपाय. इडल्यांनी मात्र मला गप्प केलं. फ्रीझरमधून थेट वाफेच्या भांड्यात, दहा मिनिटं, आणि समोर ठेवल्यावर मुलाने विचारलं, “आज पीठ भिजवलं होतंस?” मी हो म्हणाले. त्याला खरं अजून सांगितलेलं नाही.

पनीरची तयार भाजी निराशाजनक निघाली. ग्रेव्ही बरी होती, पण पनीर दाताखाली भुसभुशीत. बटाटा घातलेल्या रस्सा भाजीचं तर पाणी वेगळं आणि बटाटा वेगळा. असं का होतं हे मला मुलानेच समजावलं. अन्नात पाणी असतं. ते गोठताना त्याचे स्फटिक होतात. सावकाश गोठलं तर स्फटिक मोठे होतात आणि आतल्या पेशी फाडतात, वितळल्यावर पाणी सुटतं. झपाट्याने गोठवलं तर स्फटिक बारीक राहतात. क्लेरेन्स बर्डसाय नावाच्या अमेरिकन माणसाने शंभर वर्षांपूर्वी लॅब्राडोरच्या थंडीत तिथले लोक पकडलेले मासे क्षणात गोठवतात हे बघितलं आणि त्यावरून झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली. कारखाने आजही तेच करतात. पण बटाट्याची आणि पनीरची जातच अशी की त्यांना गोठणं फारसं मानवत नाही. मटार, मका यांना मानवतं. आपण मात्र चित्र बघून नेमकी पनीरची भाजी उचलतो!

मग आली लेबलं वाचायची रात्र. बाबांना रक्तदाबाची गोळी आहे, त्यामुळे हे करावंच लागणार होतं. चष्मा लावून, मोबाइलचा टॉर्च लावून मी आणि नवरा पाकिटं घेऊन बसलो. तुम्हीही एकदा बसा. घटकांच्या यादीत जो पदार्थ सगळ्यात जास्त तो सगळ्यात आधी लिहिलेला असतो. आमच्या त्या लाडक्या पराठ्यात पहिला मैदा आणि दुसरं तेल. वर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो, मागची पहिली तीन नावं वाचायची.

त्याहून महत्त्वाचं सोडियम. एका भाजीच्या पाकिटावर 450 मिलिग्रॅम लिहिलं होतं. मला वाटलं, ठीक आहे. नवऱ्याने बोट ठेवलं, “हे 100 ग्रॅमला आहे. पाकीट 300 ग्रॅमचं आहे.” म्हणजे 1350 मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे जवळजवळ साडेतीन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. एका माणसाने रात्री ते पाकीट एकट्याने संपवलं तर दिवसाचं दोन तृतीयांश मीठ तिथेच. आणि एकटा माणूस पाकीट संपवतोच, उरलेलं ठेवणार कुठे? तयार भाज्या मी यादीतून काढून टाकल्या. बिर्याणीही गेली. राहिले पराठे, तेही आठवड्यातून दोनदा, इडल्या, आणि गव्हाच्या पिठाच्या मेथीच्या रोट्या ज्या एका दुकानात मिळाल्या.

संक्रांतीला मी बडोद्याला गेले. तिकडे उत्तरायण म्हणजे सगळं गाव गच्चीवर. बाबाही खुर्ची टाकून वर बसले होते. मी खाली, स्वयंपाकघरात, त्यांच्या फ्रिजसमोर.

तो फ्रिज तुम्ही ओळखाल. एका दाराचा, वर आतच बर्फाचा छोटा कप्पा आणि त्या कप्प्याला प्लॅस्टिकचं झाकण. ते झाकण उघडेचना. आत भिंतीला भिंत लागावी तसा बर्फ साचला होता. पंधरा दिवसांतून एकदा बटण दाबून बर्फ वितळवायचा असतो, ते बाबांनी कधीच केलेलं दिसत नव्हतं. मी वर जाऊन म्हणाले, “बाबा, फ्रिज बंद करून बर्फ काढते. माझी पाकिटं ठेवायला जागा नाही.”

ते पतंगाकडे बघत म्हणाले, “राहू दे.”

“राहू दे काय? सगळा गोठलाय.”

“राहू दे म्हटलं ना. चालतोय तो.”

बाबा माझ्यावर आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. आणि मी, तुमच्यापासून काय लपवायचं, मी ऐकलं नाही. खाली आले आणि प्लग काढला. चादर पसरली, गरम पाण्याचं पातेलं आत ठेवलं. तासाभराने बर्फाची लादी सुटली आणि तिच्या मागे, अगदी तळाशी, एक पिशवी होती. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, वर दोऱ्याने गाठ मारलेली. आत तुरीचे ओले दाणे, आणि एक चिठ्ठी, आईच्या अक्षरातली. ‘तुवेर. फेब्रु.’

शिळं शिळं म्हणणारी माझी आई दर हिवाळ्यात तुरीच्या आणि मटारच्या शेंगा सोलायची. उकळत्या पाण्यात दाणे दोन मिनिटं, मग लगेच गार पाण्यात, मग पंचावर पसरून कोरडे आणि मग पिशवीत. कारखान्यात हेच करतात, फक्त मोठ्या यंत्रांवर. ती त्याला फ्रोझन म्हणायची नाही एवढंच. आणि मला हे आयुष्यभर माहीत होतं. महिनाभर लेबलं वाचताना एकदाही आठवलं नाही.

बाबा कधी येऊन दारात उभे राहिले कळलं नाही. म्हणाले, “मला माहीत होतं ती आत आहे.”

म्हणून फ्रिजचा बर्फ दोन वर्षं काढला नव्हता.

मी माफी मागितली. ते काही बोलले नाहीत. पिशवी ताटलीत ठेवून तिच्यातलं पाणी सुटताना बघत बसले. दाणे करडे पडले होते. त्या कप्प्यात किती वेळा वीज गेली असेल, किती वेळा ते वितळून परत गोठले असतील, देव जाणे. खाण्यासारखे नव्हतेच. संध्याकाळी त्यांनी ते गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत माती उकरून घातले आणि हात धुऊन आले. चिठ्ठी पाकिटात ठेवली, पैशाच्या पाकिटात. त्या विषयावर आम्ही परत बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी थर्मामीटर आणून त्या कप्प्यात ठेवला. उणे 8. फ्रोझन अन्नाला उणे 18 लागतं, दुकानापासून घरापर्यंत. हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे अनेक घरांत, विशेषतः आईवडिलांच्या घरांत, असेच जुने फ्रिज आहेत. बर्फ होतो म्हणजे फ्रीझर चांगला असं आपण धरून चालतो. पाकिटावरची वर्षभराची तारीख उणे 18 ची असते, आपल्या कप्प्याची नव्हे. म्हणून मी फक्त आठवड्यापुरतीच पाकिटं भरली. कोपऱ्यावरच्या दुकानात घेताना प्रत्येक पाकीट दाबून बघितलं. आतले तुकडे सुटे लागायला हवेत. एकच गठ्ठा झालेला असेल किंवा आत बर्फाचे खडे असतील तर ते मध्ये कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेलं आहे, तिथेच ठेवून द्यायचं.

एका कागदावर मोठ्या अक्षरात सगळं लिहून फ्रिजला चिकटवलं. पराठा बाहेर काढून ठेवू नये. इडली दहा मिनिटं. एकदा वितळलेलं परत गोठवू नये. आणि निघाले.

फोनवर बाबा खूश. “पराठा खाल्ला. मस्त होता.” दुसऱ्या दिवशी इडली, मस्त. रोटी, मस्त. फेब्रुवारीच्या मध्यावर समोरच्या मासींचा फोन आला, भलत्याच कामासाठी, आणि बोलता बोलता त्या म्हणाल्या की तुझ्या पप्पांनी दिलेले पराठे आमच्या नातवाला फार आवडतात, दर आठवड्याला वाट बघतो.

मी रात्री फोन केला. बराच वेळ तिकडून आवाज नाही. मग म्हणाले, “तू एवढा खटाटोप केलास म्हणून सांगवेना. चव वाईट नाही गं. पण डबा काय आणि पाकीट काय, दुसऱ्या कुणीतरी केलेलं, एकट्याने गरम करायचं आणि एकट्याने खायचं. दुपारी एकदा करतो ते. रात्री परत तेच नको वाटतं.”

मला राग यायला हवा होता. पण मी महिनाभर मीठ मोजलं, तापमान मोजलं, आणि हे काही मोजलं नव्हतं.

मार्चमध्ये एके रात्री त्यांचाच फोन आला. असं सहसा होत नाही, त्यामुळे छातीत धस्स झालं. तर म्हणाले, “मटार संपले बाजारातून. मिळतायत ते महाग आणि जून. ते पाकिटातले मटार कसे असतात?”

“चांगले असतात. का?”

“उसळ कशी करायची, आईसारखी?”

मी व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी दुकानातून अर्धा किलो फ्रोझन मटार आणून ठेवलेच होते. मी त्यांना खवलेला नारळही फ्रोझन मिळतो, तो घ्यायला सांगितला. नारळ फोडून खवणं हे त्यांच्या बोटांना आता होत नाही, आणि आईची उसळ ओल्या खोबऱ्याशिवाय होत नाही. दुसऱ्या रात्री फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. मला अर्धा वेळ त्यांचा सदरा आणि अर्धा वेळ पंखा दिसत होता. “फोडणी करपतेय बाबा, गॅस कमी!” “कुठला कमी? बटण उजवीकडे की डावीकडे?” आले, मिरची, कोथिंबीर, खोबरं यांचं वाटण केलं. मटार त्यांनी सगळ्यात आधीच घातले आणि झाकण ठेवून वीस मिनिटं विसरले. पाकिटातले मटार आधीच वाफवलेले असतात, त्यांना तीनचार मिनिटं पुरतात, हे मी सांगेपर्यंत पिठलं झालं होतं. मीठ घालायचं राहिलं ते राहिलंच.

त्यांनी ते सगळं संपवलं. मला कॅमेऱ्यासमोर रिकामी वाटी दाखवली, लहान मूल दाखवतं तशी.

त्यानंतर आमचं जमलं. पाकीट नको, पाकिटातलं सामान हवं. मटार, मक्याचे दाणे, खवलेला नारळ. फोडणी, वाटण, मीठ त्यांच्या हातचं, तेही मोजून. मटार घातलेले पोहे, मटारभात, आणि एकदा तर बडोद्याची सेव-उसळ करायला निघाले, ज्याला वाळलेले पांढरे वाटाणे लागतात, हे मटार चालत नाहीत. तो प्रयोग कसा झाला ते मी सांगत नाही. एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःहून डबल डोअरचा फ्रिज घेतला. जुना नेताना भंगारवाल्याशी पन्नास रुपयांवरून भांडले म्हणे.

आणि पराठे? ते अजून आणतात. रविवारी कमाटीबागेतले तीन मित्र घरी येतात, चौघांत एक पाकीट संपतं आणि मीठही चौघांत वाटलं जातं. इडल्याही त्यांच्यासाठीच. एकट्याने बसून ते पाकिटातलं काही खात नाहीत.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर माझ्यासारखं बारा पाकिटं घेऊन जाऊ नका. आधी त्यांचा फ्रीझर बघा. आणि हो, उघडण्याआधी विचारा.

जूनमध्ये मी गेले होते. वजन साडेचार किलो परत आलंय. रात्री त्यांनी मला ओट्यापाशी उभं राहू दिलं नाही. उसळ हिरवीगार झाली होती, दाणा न् दाणा वेगळा, वर भरपूर कोथिंबीर. आईसारखी नव्हती. मिरची जास्त होती आणि गूळ मुळीच नव्हता.

पाणी घ्यायला उठले तेव्हा नव्या फ्रिजवर माझाच जानेवारीतला कागद चिकटवलेला दिसला. माझ्या बऱ्याच ओळी निळ्या पेनने खोडल्या होत्या. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मटार शेवटी. ही म्हणते 4 मिनिटं. 3 पुरतात.’